बुधवारी सांगितलेल्या रात्री

आमच्या सेंटरच्या फॉर्मवर झोपेसाठी एकच ओळ आहे. ‘मूल रात्री झोपते का? होय / नाही.’ ज्याने कुणी हा फॉर्म बनवला त्याला वाटलं असणार, दोनपैकी एकावर खूण केली की झालं. पण मी इतकी वर्षं बघतेय, मुलाचं वजन, लसी, बसायला कधी लागलं, सगळ्याची उत्तरं पालक पटापट देतात आणि या ओळीपाशी आले की थांबतात. आई बापाकडे बघते, बाप खिडकीबाहेर बघतो. मग जे सुरू होतं ते फॉर्ममध्ये मावत नाही. ते माझ्याकडे साठत जातं!

मी विशेष शिक्षिका. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आमचं सेंटर. सहा वर्षांखालची मुलं येतात. कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला ऑटिझम, कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला दिसत नाही. माझ्यासोबत वनिता आहे, फिजिओथेरपिस्ट. दर बुधवारी पालकांची मीटिंग असते. पोरं मधल्या सतरंजीवर, आईबाप भिंतीला टेकून. दिवसाच्या व्यायामाबद्दल बोलायला बसतो आणि रात्रीबद्दल बोलून उठतो. त्यातल्या काही रात्री सांगते. नावं बदलली आहेत, बाकी काही नाही.

*

पहिली फजिती माझीच. नागपूरहून ट्रेनिंग घेऊन नुकतीच आले होते. पर्समध्ये छापील पत्रकं, डोक्यात तीच पत्रकं पाठ.

शेवंताबाई आरमोरीकडच्या एका खेड्यातून यायची. तिचा सागर चार वर्षांचा, ऑटिझम असलेला. रात्री बाराला उठायचा तो पहाटेपर्यंत दाराची कडी वाजवत बसायचा. मी तिला पत्रक वाचून दाखवलं. मुलाची झोपायची खोली वेगळी असावी. शांत असावी. अंधारी असावी. खोलीत फार सामान नसावं.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, खोली एकच हाय. सासू, सासरा, देर, आमी दोघं, दोन पोट्टे न धानाची पोती. पहिले कोणाले बाहेर काढू?”

वनिताने तोंड फिरवलं. मला हसायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. तासभर बसल्यावर कळलं की सागरचा काका बारा वाजता शेताची राखण करून येतो, कडी वाजते आणि सागर उठतो. आवडलेला तोच आवाज तो मग पहाटेपर्यंत चालू ठेवतो! आम्ही कडीला चिंधी गुंडाळली. सागरचा कोपरा जुन्या साडीने आडोसा करून वेगळा केला. रोज नऊला तोंड-हात धुणं, तीच गोधडी, तेच दोन शब्द, मग दिवा बंद. दिवा बंद करायचं काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं. घरात कुणाचंही न ऐकणारा माणूस, पण नऊ म्हणजे नऊ.

दीड-दोन महिन्यांनी सागर पहाटे चारपर्यंत झोपू लागला. शेवंताबाई बुधवारी सगळ्यांना सांगत होती, “माह्या पोराची सेपरेट खोली हाय आता. साडीची हाय, पण हाय!”

पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर आमची मुलं अजून चित्रं काढतात.

*

देवाजीभाऊ चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलपट्टीतले. त्यांची परी पाच वर्षांची. तिला झोप यायची ती फक्त चालत्या मोटरसायकलवर. खाटेवर नाही, मांडीवर नाही, झोळीत नाही. मग रोज रात्री जेवणं झाली की देवाजीभाऊ तिला ओढणीने छातीशी बांधायचे, बायको कविता मागे बसायची आणि गाडी फाट्यापर्यंत जाऊन परत. दारात इंजिन बंद केलं की परीचे डोळे टक्क उघडे. मग दुसरी फेरी. कधी तिसरी.

एका रात्री फॉरेस्ट गार्डने गाडी अडवली.

“अकरा वाजून राह्यले. कुठी चालले?”

“कुठीच नाई जी. पोरीले झोपवून राह्यलो.”

गार्डला वाटलं, माणूस प्यायलेला आहे. त्याने टॉर्च मारला तर ओढणीत पोर, तोंड उघडं, गाढ झोपलेली. त्याने टॉर्च बंद केला आणि आवाज चढवला. “भाऊ, डोकं फिरलं का तुमचं? या पट्ट्यात वाघीण पिल्लं घेऊन फिरून राह्यली. परवा इथीच रस्ता वलांडला तिनं!”

देवाजीभाऊ म्हणाले, “हळू बोला जी. उठन ते.”

बुधवारी त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळी खोली हसली. कविता तेवढी हसली नाही. ती खाली बघत म्हणाली, “गाडीवर मांगं मी बसते. वाघ मांगूनच येते ना?”



त्या दिवसापासून आम्ही परीच्या झोपेला हात घातला. आधी गाडी अंगणातच उभी, फक्त इंजिन चालू. पहिल्या आठवड्यात परीने रडून गाव उठवलं. शेजारी भांडायला आले, त्यांना कविताने हात जोडून सगळं समजावलं. मग इंजिन बंद, पण बसायचं गाडीवरच, तशीच ओढणी बांधून. मग ओढणीसकट झोळीत, आधी जोरात झोके, मग हळू. दोनदा सगळं मोडलं, दोनदा मागच्या पायरीवर जाऊन पुन्हा सुरुवात केली. उन्हाळा सरला तेव्हा परी झोळीत झोपू लागली होती.

मग एका सकाळी तोच गार्ड त्यांचं घर विचारत आला. दारातली गाडी बघितली, झोळीतली पोर बघितली आणि ओट्यावर बसला.

“उन्हाळाभर तुमची गाडी नाई दिसली. मी समजलो...”

कविताने त्याच्यापुढे चहा ठेवला.

*

एका आजोबांना मी बजावलं होतं, नातू झोपायच्या आधी तासभर मोबाईल बंद. उजेडाने मुलांची झोप उडते. पुढच्या बुधवारी आजोबा आले, डोळे लाल.

“काय म्हणते नातू?”

“तो मस्त झोपून राह्यला जी. मोबाईल आता माह्या उशाशी असते, न मलेच झोप नाई!”

*

रेवतीला जन्मापासून दिसत नाही. उजेड-अंधारही कळत नाही. अशा मुलांच्या शरीराला रात्र झाली हे सांगणारं कुणी नसतं. त्यांचं घड्याळ सरकत सरकत कुठेही जातं. रेवती दुपारी झोपायची आणि रात्रभर टाळ्या वाजवत, गात बसायची. आई मंदा बारीक होत चालली होती.

रेवतीचे वडील सुधाकरभाऊ हार्मोनियम वाजवतात. दिवाळीनंतर वडशाच्या एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरतात. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं, त्यामुळे सीझनमध्ये घरी यायचे ते पहाटे पाचला.

आम्ही मंदाला सांगितलं, तिला दिसत नाही तर वास, स्पर्श, आवाज यांतून दिवस कळू दे. सकाळी गार पाण्याने तोंड, कडुनिंबाचं दातण, अंगणात ऊन अंगावर. दुपारी झोपू द्यायचं नाही, कितीही रडली तरी. संध्याकाळी पायातले चाळ काढायचे. चाळ निघाले की गाणं नाही, टाळ्या नाहीत, हलक्या आवाजात बोलायचं. औषधाचं डॉक्टरांनी वेगळं बघितलं.

मंदाने सगळं केलं. पावसाळ्यात फरक पडला. आणि दिवाळीनंतर सगळं पुन्हा पहिल्यासारखं! मला कळेना, कुठे चुकतंय. मंदा शपथेवर सांगत होती, “मॅडम, नऊले झोपते. मंग पहाटं पाचले उठते ते उठतेच. दिवसभर पेंगते न सांजेले झोपून जाते.”

मी सुधाकरभाऊंना बोलावून घेतलं. ते सेंटरच्या पायरीवर बसले, आत येईनात. तिथूनच म्हणाले, “मॅडम, मीच उठवतो तिले.”

“काऊन जी?”

“नाटक संपलं की लोक आपापल्या घरी जाते. आमी पडदे गुंडाळतो, टेम्पोत बसतो. घरी येतो त सारे झोपून. पहिले रेवती जागी राहे. माही चप्पल वाजली की ‘बाबा’ म्हणे. रातभर हजार माणसापुढं वाजवलं तरी माही वाट पाहणारं ते एकच लेकरू होतं, मॅडम. आता ते बी झोपून राहते.”

मंदा बाजूला उभी राहून ऐकत होती. चूक तर होतीच, पण रागवायचं कुणाला आणि कशाबद्दल?

पुढच्या सोमवारी सुधाकरभाऊंचा निरोप आला. त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. पहाटे घराच्या वळणावरच चप्पल काढून हातात घ्यायची, अनवाणी आत यायचं आणि सातपर्यंत पोरीला हात लावायचा नाही. डिसेंबरच्या थंडीत! आणि आत आल्यावर, हे मंदाने नंतर सांगितलं, चुलीपाशी झाकून ठेवलेला चहा असायचा, आणि तो गरम करून द्यायला ती स्वतः जागी असायची.

रेवतीला आता रात्र कळते. कशी, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, “चूल गार पडली का रात होते.”

*

सुनीताची छकुली पाच वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. एका अंगावर फार वेळ राहिली की पाय ताठतात, दुखतात, रडते. म्हणून सुनीता रात्री दर दोन तासांनी उठून तिला वळवायची. अलार्म नाही लावायची. तो वाजला तर घरातले सगळे उठतात. तिने छकुलीच्या मनगटाला आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला सुताचा दोरा बांधला होता. छकुली जराशी ताणली गेली की हिला जाग. जन्मापासून हे चाललेलं.

एका बुधवारी वनिता उशा कशा लावायच्या ते दाखवत होती. जुन्या साड्यांच्या खोळी शिवायच्या, त्यात सावरीचा कापूस भरायचा, एक पाठीमागे, एक गुडघ्यांच्या मध्ये. म्हणजे मूल एका अंगावर जास्त वेळ आरामात राहतं. बोलता बोलता वनिता थांबली. सुनीता भिंतीला टेकून झोपली होती. तोंड उघडं, पदर खाली, मान एका खांद्यावर.

तिला कुणी हलवलं नाही. एका बापाने उठून पंख्याचं बटण दाबलं. एका आईने छकुलीला हळूच आपल्या मांडीवर घेतलं. आम्ही सगळे, पोरांसकट, बाहेर कडुनिंबाखाली गेलो आणि मीटिंग तिथे घेतली. वनिताने दाराला पडदा लावला. त्या दिवशी पोरांनीसुद्धा आवाज केला नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण केला. खूप केला! तरी ती उठली नाही.

चार वाजता सुनीता धडपडत बाहेर आली. लाजेने तोंड लाल झालेलं. “मॅडम, मीटिंग झाली?”

“झाली.”

“काय ठरलं?”

वनिता म्हणाली, “रोज रात्री एकदा छकुलीच्या बाबांनी उठायचं, असं ठरलं.”

छकुलीचे बाबा तिथेच उभे होते. त्यांना हे आत्ताच कळत होतं! त्यांनी एकदा वनिताकडे बघितलं, एकदा सुनीताकडे. मग म्हणाले, “दोरा कोणत्या पायाले बांधू?”

*

डाऊन सिंड्रोम असलेल्या आमच्या आयुषचे वडील त्याच्या घोरण्याचं मोठं कौतुक करायचे. “तीन वर्षाचं पोट्टं, पण घोरते कसं! भिंती हालते!” मी म्हटलं, मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. आणलेलं ऐकलं. घोरणं, घोरणं, आणि मग काहीच नाही. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास.

त्याला नागपूरला पाठवलं. टॉन्सिल्सनी श्वासाची वाट अडवली होती. ऑपरेशन नीट झालं. महिन्याने आई-वडील दोघंही आले. आयुष टवटवीत, सतरंजीभर धावत होता. आईबाप मात्र आजारी दिसत होते.

“काय झालं?”

आयुषची आई म्हणाली, “पोट्टं आता आवाजच नाई करत, मॅडम. रातभर आमी दोघं आळीपाळीनं त्याच्या नाकापुढं बोट धरून बसतो!”

*

शालूताई आता बरी आहे, म्हणून हे सांगते. दोघांना विचारूनच सांगते.

शालूताई अहेरीकडची, अंगणवाडीत काम करणारी. तिचे मालक विलासभाऊ ट्रॅक्टर दुरुस्त करतात. आडवा बांधा, भल्या मोठ्या मिशा, अंगाला कायम ग्रीसचा वास. त्यांचा मोनू पाच वर्षांचा, बोलत नाही. त्याला झोपायला एकच गोष्ट लागायची. आईची वेणी. ती त्याच्याकडे पाठ करून झोपायची आणि तो कमरेपर्यंतच्या त्या वेणीचं टोक मुठीला गुंडाळून झोपायचा. बाकी कशाने नाही.

मग शालूताईच्या छातीत गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी केमो सांगितला. त्या बुधवारी ती आली, मीटिंग संपेपर्यंत शांत बसली, आणि सगळे गेल्यावर मला विचारलं, “मॅडम, माहे केस जाणार म्हणते. मोनू कसा झोपन?”

आजाराबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

आमच्या हातात अठरा दिवस होते. मी, वनिता आणि ते दोघं बसलो. ठरलं असं की वेणी आधीच कापायची, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची, आणि शालूताई घरी आहे तोवरच मोनूला त्या कापलेल्या वेणीची सवय लावायची. रविवारी तिने स्वतःच्या हाताने वेणी कापली. विलासभाऊ तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले.

मोनूने डोक्यापासून वेगळी झालेली ती वेणी बघितली आणि दूर फेकून दिली. पहिली रात्र तशी गेली, दुसरी तशी गेली. तिसऱ्या रात्री विलासभाऊ म्हणाले, “आण इकडं.” त्यांनी ती वेणी बनियनच्या खांद्याला सेफ्टी पिनने लावली आणि मोनूकडे पाठ करून आडवे झाले, जशी शालूताई व्हायची तसे. बऱ्याच वेळाने पाठीला छोटासा हात लागला. वेणीचं टोक ओढलं गेलं, मुठीला गुंडाळलं गेलं. विलासभाऊ सकाळपर्यंत हलले नाहीत.

शालूताई नागपूरला बहिणीकडे राहायला गेली. इकडे विलासभाऊ रोज रात्री वेणी लावून झोपायचे. आंघोळ करून, ग्रीसचा वास घालवून. रविवारी वेणी धुवायचे, खोबरेल तेल लावायचे. मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “भाऊ, गजरा बी लावता का?”

विलासभाऊ गंभीरपणे म्हणाले, “अजून मागितला नाई त्यानं.”

तीन महिन्यांनी, दोन केमोंच्या मधे, शालूताई आठ दिवसांसाठी घरी आली. डोक्याला स्कार्फ. मोनू दिवसभर तिच्याकडे गेला नाही. दाराकडे तोंड करून बसून राहिला. तिने त्याला बळेच जवळ घेतलं नाही. भात शिजवला, भांडी घासली. रात्री ती कडेला झोपली, पाठ करून. मध्ये मोनू. पलीकडे विलासभाऊ, खांद्याला वेणी लावून.

कुशीवर वळताना तिचा स्कार्फ निसटला. ती तशीच पडून राहिली.

मोनू उठून बसला. त्याने तिच्या डोक्यावरून तळहात फिरवला. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. मग वळला आणि बापाच्या खांद्यावरची वेणी ओढली. पिन उघडली, बनियन फाटलं. ती वेणी त्याने आईच्या मानेवर ठेवली, टोक मुठीला गुंडाळलं आणि झोपला.

त्या आठवड्यातल्या बुधवारी मीटिंगमध्ये शालूताईने हे इथपर्यंत सांगितलं. सतरंजीवर मुलं खेळत होती. मी विलासभाऊंना विचारलं, “मग भाऊ, त्या रात्री तुम्हीही निवांत झोपले असाल?”

विलासभाऊंनी मिशीवरून हात फिरवला.

“मी कायचा झोपतो, मॅडम! तीन महिने झाले. वेणीशिवाय मलेच झोप नाई येत.”